माठाच्या कोनाड्यातले दोन चिरूट

रेल्वे कॉलनी, मिरज
११ फेब्रुवारी १९७३

प्रिय सोमू,

नमस्कार. चन्नम्मावहिनींची आणि मुलांची खुशाली कळव. इकडे सर्व ठीक. थंडीने घसा बसला आहे, तेवढे सोडले तर गार्डाची तब्येत त्याच्या गाडीसारखीच आहे. उशिरा का होईना, पोहोचते.

कामाचे लिहितो. माझे दोन चिरूट तुझ्याकडे सोळा वर्षे पडून आहेत. आमच्या जुन्या साहेबांनी निवृत्त होऊन त्रिचीला परत जाताना दहांची पेटी दिली होती. त्यातले आठ मी महिनाभरात फुंकले आणि उरलेले दोन, माझ्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेव, असे सांगून तुझ्या स्वाधीन केले. माझ्या निवृत्तीच्या दिवशी दोघांनी एकेक ओढायचा असे ठरले होते, ते मला आठवते. ज्याने जन्मात सुपारीचे खांड तोंडात टाकले नाही तो सोमलिंग बिराजदार त्या दिवशी ओढीन म्हणाला होता, हेही आठवते. पण निवृत्तीला अजून दोन वर्षे आहेत आणि इतके थांबण्यात आता मला मजा वाटत नाही. पुढच्या आठवड्यात आमचा निंगप्पा फायरमन होटगीला येतो आहे. त्याच्याबरोबर दोन्ही पाठवून दे. डबी नको. वर्तमानपत्रात गुंडाळलेस तरी चालेल.

फार विचार करत बसू नकोस.

तुझा,
मानसिंग


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
१५ फेब्रुवारी १९७३

प्रिय मानसिंग,

तुझे ११ तारखेचे पत्र काल मिळाले. मागणी नामंजूर आहे. कारणे देणे मी माझे कर्तव्य समजतो.

करार दोघांचा होता. तो एकट्याच्या इच्छेने बदलता येत नाही. तुझ्या निवृत्तीचा दिवस तुझ्या मजेप्रमाणे अलीकडे येत नाही, तो रेल्वे ठरवते.

आता मालाच्या स्थितीविषयी. आमच्या स्वयंपाकघरात माठामागे भिंतीत जो कोनाडा आहे तो तुला ठाऊक आहे. पहाटे मालगाडी सोडून आलास की तू तेथेच उभा राहून, माठावर पालथे घातलेले फुलपात्र उचलून पाणी पीत असस. त्या कोनाड्यात शिसवी डबीमध्ये तुझे चिरूट आहेत. सोलापूरचा उन्हाळा पापडाला उपकारक आणि तंबाखूला मारक आहे. म्हणून दरवर्षी होळीपासून मृगापर्यंत फुटक्या माठाचे एक खापर भिजवून, पुसून मी त्या डबीत ठेवत आलो आहे. पहिल्या वर्षी ओले फडके ठेवले होते. त्याने बुरशीचा डाग दिसू लागला, तेव्हापासून खापर. यंदा दुष्काळामुळे खापर भिजवण्याचे काम आताच सुरू करावे लागले, इतकी हवा कोरडी आहे. नळ चार दिवसांनी येतो. चन्नम्माचे म्हणणे असे की, “प्यायला घागरभर पाणी नाही, आणि ह्यांच्या मित्राच्या विड्यांना रोज अंघोळ.” त्या विड्या नसून चिरूट आहेत, हे मी तिच्या निदर्शनास आणले. तिने ते मान्य केलेले नाही.

अशा रीतीने सांभाळलेली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून फायरमनच्या पिशवीत घालावी, ही सूचना तू सहज केली असशील असे समजतो.

घशासाठी रात्री हळद घालून दूध घे. घसा बसलेल्या माणसाने चिरूट मागावा ही विसंगती माझ्या ध्यानात आली आहे, पण तुझा स्वभाव पाहता ती मी नजरेआड करतो.

तुझा,
सोमलिंग


मिरज
२२ फेब्रुवारी १९७३

सोमू,

पत्र वाचले. घरात ऑडिटर येऊन गेल्यासारखे वाटले.

चिरूट माझे आहेत. अमानत ठेवलेली वस्तू मालकाने मागितली की हातावर ठेवायची असते. हे शिकायला बी.कॉम. व्हावे लागत नाही, माढ्याच्या आठवडे बाजारातला पोर सांगेल. निंगप्पा मोकळ्या हाताने परत आला. त्याला तू चहा पाजलास, शेंगाचटणी बांधून दिलीस, आणि चिरूटांचे विचारल्यावर ‘पत्रव्यवहार चालू आहे’ म्हणालास. निंगप्पा आता सगळ्या शेडमध्ये तेच सांगत फिरतो. कोळसा का नाही टाकला, तर पत्रव्यवहार चालू आहे.

मला ते दोन्ही हवे आहेत. कारण विचारू नकोस. चाळीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितले असेल तर सांग.

मानसिंग

भावजी, पत्र पेटीत टाकायला माज्याकडं दिलं म्हनून खाली लिवते. घसा थंडीनं बसला न्हाय. आत गाठ हाय. हितल्या डाक्टरांनी कापायचं सांगितलंय, आवाजाची पेटी सगळी काडावी लागंल म्हनत्यात. बेगीनं केलं तर मानूस ऱ्हातं. हे न्हाय म्हनत्यात. मुका हून नातवापुडं बसन्यापरीस दोन चिरूट वडतो आन् जायचं तवा जातो, म्हनत्यात. मी लई सांगून बगितलं. तुमचं ऐकत्यात. चिरूट धाडू नगा, तुमी या.
मथुरा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
२६ फेब्रुवारी १९७३

प्रिय मानसिंग,

तुझ्या पत्राखाली मथुरावहिनींचा मजकूर आहे. तो त्यांनी चोरून लिहिलेला नाही. तुझ्याच कागदावर, तुझ्याच सहीखाली लिहिला आहे. सबब त्यांना एक शब्दही बोलू नकोस.

गेल्या पत्रात मी हळद-दूध सुचवले होते. तो सल्ला मागे घेतो.

तुझा आक्षेप आवाजाविषयी आहे. तुझा आवाज मोठा होता, हे निर्विवाद आहे. होटगीच्या फलाटाच्या एका टोकाला तू दिलेली हाक दुसऱ्या टोकाला इंजिनात ऐकू जात असे, आणि ड्रायव्हर हिरव्या बावट्याची वाट न पाहता गाडी हलवीत असे. पण नातू तुझ्याजवळ येतो तो आवाजासाठी नव्हे, मांडीसाठी येतो. मांडी शस्त्रक्रियेत जाणार नाही. माझ्यापुरते म्हणशील, तर हायस्कुलातल्या बाकापासून आजवर आपल्या दोघांमधले बोलण्याचे काम तूच केलेस. मला एकदा पाळी मिळावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आता चिरूटांविषयी. ते तुला ओढता येणार नाहीत, आज नाहीत आणि पुढेही नाहीत. म्हणून करारात मी एक दुरुस्ती सुचवतो. तू शस्त्रक्रिया करून घे. तुझ्या वाटणीचा चिरूट मी ओढीन आणि त्याची चव तुला सविस्तर लिहून कळवीन. मी लिहितो ते कसे लिहितो, हे तू जाणतोस. कारखान्यातल्या चादरीचा रंग धुण्यात उतरत असेल तर गिऱ्हाइकाला तसे लेखी कळवणारा माणूस चिरूटाबद्दल खोटे लिहिणार नाही.

दुरुस्ती अमान्य असल्यास मी दोन्ही चिरूट शेजारच्या चनबसप्पाला देईन. तो ते बिडीसारखे पेटवील, चार झुरके मारील, ‘लई कडक हाय की’ म्हणून थुंकेल आणि अर्धे जळलेले गटारात टाकील. निवड सर्वस्वी तुझी आहे.

रविवारी, ४ मार्चला, मी मिरजेस येतो. डबी बरोबर आणीन.

तुझा,
सोमलिंग


दवाखाना, मिरज
९ एप्रिल १९७३

प्रिय सोमू,

मथुराने तुला तार केली होतीच, त्यामुळे जिवंत आहे हे वेगळे लिहीत नाही. आज पहिल्यांदा बसून पत्र लिहिण्याची परवानगी मिळाली. इतके दिवस पाटीवर लिहीत होतो. पाटीवर भांडता येत नाही रे. अर्धे वाक्य लिहून होईतो समोरचा माणूस उठून जातो.

श्वास आता मानेला पाडलेल्या भोकातून चालतो. नाक केवळ शोभेचे राहिले. काल शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मोसंबे सोलले. मला ते नुसते दिसले.

त्या रविवारी तू खाटेजवळ बसलास, डबी उघडलीस आणि माझ्या नाकाशी धरलीस. बराच वेळ धरलीस. मग मिटून पिशवीत ठेवलीस आणि डॉक्टरांना बोलावून आणा म्हणून मथुराला सांगितलेस. मला कुणी विचारलेच नाही. मीही ‘एक तरी ओढू दे’ म्हणालो नाही, याचे तुला आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले. पण तो वास मला पुरला. आठवडाभराने त्यांनी मला आत नेले तेव्हा तोच नाकात धरून गेलो होतो.

आता तुझी पाळी. पद्धत सांगतो, ती पाळ. चिरूटाचे डोके धारदार चाकूने कापायचे, दाताने नाही. पेटवायचा तो काडीवर, समईवर नाही. आधी टोक लांबून शेकायचे, मग ओढायचे. धूर गिळायचा नाही. तोंडात घ्यायचा, गालात फिरवायचा, सोडून द्यायचा. घाई करशील तर कडू होईल. राख झाडायची नाही, तिची तिला पडू द्यायची. आणि एकच ओढ. दुसऱ्याचे मग बघू.

मला बरे वाटावे म्हणून गोड लिहू नकोस. नासला असेल तर नासला म्हण. मला चव हवी आहे, सांत्वन नको. ते इथे नर्सकडे पुष्कळ मिळते.

तुझा,
मानसिंग


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
२९ एप्रिल १९७३

प्रिय मानसिंग,

आज रविवार. सायंकाळी ऊन उतरल्यावर, माळवदावर, वारा नसताना, मी तुझा चिरूट ओढला. स्मरण ताजे असताना हे लिहीत आहे.

प्रथम बाह्य स्वरूप. रंग भिजवलेल्या जुन्या चिंचेचा, देठाकडे जवळजवळ काळा. पान अखंड, शिरा बारीक, कोठेही चीर नाही. बोटांनी दाबले असता किंचित दबतो आणि पूर्ववत होतो. म्हणजे सोळा उन्हाळ्यांनी त्याचे काही बिघडवलेले नाही. न पेटवता हुंगला असता गुळाच्या ढेपेभोवतीच्या कापडासारखा वास येतो.

डोके कापण्यास चाकू वापरण्याची तुझी सूचना होती. आमच्या घरातील सर्व चाकू भाजीचे असल्याने आणि कांद्याचा वास लागण्याचा संभव असल्याने मी अडकित्ता वापरला. काप सरळ आला.

पहिले काही झुरके मी कडूपणाच्या अपेक्षेने घेतले. कडूपणा नव्हता. धूर जाड, पण मऊ. जिभेवर बसत नाही, जिभेवरून जातो. या आरंभीच्या भागात एक गंध स्पष्टपणे येतो. नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर माठ ते पिऊ लागतो, त्या वेळी येतो तो. हा थंड, मातकट गंध सोळा वर्षांच्या मुरण्याचे फळ होय, असा माझा निष्कर्ष आहे. कच्च्या तंबाखूत तो असणे शक्य नाही.

त्यानंतर हा गंध मागे पडतो आणि भाजणे पुढे येते. शेंगा भाजताना कढई आता उतरावी असे ज्या क्षणी वाटते, त्या क्षणाचा वास. त्याच्या खाली गोडी आहे, पण साखरेची नाही. काहिलीच्या तळाला लागलेल्या गुळाची म्हणता येईल, अर्धी गोड आणि अर्धी जळकी. धूर सोडल्यावरही ती टाळूला राहते.

राख पांढरी, घट्ट, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी होईतो पडली नाही. विभूतीच्या गोळीचा पोत मी लहानपणापासून ओळखतो. ही राख त्या जातीची आहे. तुलना पोताची आहे, पावित्र्याची नाही.

मध्यंतरी चिरूट विझला. काही वेळाने पुन्हा पेटवला. मधल्या भागाविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

शेवटच्या भागात तो तिखट होतो. आधी मिरी, मग लवंग, मग जीभ जाड झाल्याची जाणीव. येथे मी थांबलो. दोष एकच, डावी बाजू उजवीपेक्षा अधिक जळली. तो चिरूटाचा नसून माझा आहे.

एकंदरीत चिरूट उत्तम होता. तू सांत्वन नको म्हणाला होतास, म्हणून पुन्हा लिहितो. मन राखण्यासाठी लिहीत नाही, उत्तम होता.

दुसरा डबीत आहे. खापर आज सकाळी भिजवले.

तुझा,
सोमलिंग

मानसिंगअण्णा, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आले म्हणून मीही खाली लिहिते, मथुराबाईंनी वाट दाखवलीच आहे. ह्यांनी लिहिले नाही ते सांगते. तुमच्या चिरूटाला न्याय मिळाला पाहिजे म्हणून बाजारातून हलके चिरूट आणून आठ दिवस माळवदावर सराव केला. पहिल्या दिवशी इतके खोकले की चनबसप्पा शिडी लावून वर आला, “काय झालं की सावकार, डाक्टर बोलवू का?” म्हणून. हे म्हणाले, अभ्यास चालू आहे. रोज ओढून झाल्यावर अंघोळ केल्याशिवाय लिंगपूजेला बसायचे नाही असे मी सांगितले, तर दुष्काळात एकेक बादली त्यातच गेली. विड्यांना पाणी, विडी ओढणाऱ्याला पाणी. आम्ही काय प्यायचे? तुम्ही मात्र लवकर बरे व्हा, मग पाण्याचे भांडण आपण समोरासमोर करू.
चन्नम्मा


रेल्वे कॉलनी, मिरज
६ मे १९७३

प्रिय सोमू,

परवा घरी आलो. तुझे पत्र माझ्या आधीच येऊन बसले होते.

आवाज गेल्यावर हसता येत नसेल असे मला वाटत होते. तसे नाही. चन्नम्मावहिनींचा मजकूर वाचताना मानेच्या भोकातून अशी हवा सुटली की मथुरा चुलीवरचे टाकून धावत आली. तिला वाटले, माझे काहीतरी उसवले.

आता तुझा अहवाल तपासतो. अडकित्त्याने चिरूट कापणारा तू पृथ्वीवर पहिलाच. चिंच, शेंगा, काहिलीच्या तळचा गूळ, सगळे बरोबर. ते वाचून साहेबांच्या पेटीतले आठही मला एकेक करून आठवले. राखेचे तर असे आहे की सोळा वर्षे मीही ती पाहिली नव्हती, तू लिहिलीस तेव्हा दिसली. शाबास.

पण तुझा एक निष्कर्ष साफ चुकला आहे. सोळा काय, साठ वर्षे मुरला तरी तंबाखूला मातीचा वास येत नाही. तो तुझ्या खापराचा आहे. सोळा उन्हाळे तू त्या डबीत माठ घालत होतास आणि चिरूट तो पीत होते. कुणा दर्दी माणसाच्या हाती हा चिरूट गेला असता तर पहिल्याच झुरक्याला नासला म्हणून त्याने टाकून दिला असता. मला हे त्या रविवारी डबी नाकाशी आली तेव्हाच कळले होते. बोललो नाही. इतक्या काळजीने केलेले काम होते, आणि तेव्हा माझ्याजवळ आवाज असूनही ते सांगावेसे वाटले नाही.

दुसरी गोष्ट. मध्यंतरी चिरूट विझला असे तू लिहितोस. तो उगाच विझत नाही, सोमू. ओढणारा थांबतो तेव्हा विझतो. तू का थांबलास ते मी विचारत नाही. मधल्या भागाविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही, हे तुझ्या आयुष्यातले पहिले खोटे विधान असेल. ते मी मंजूर करतो.

साहेब मला गाडीवर पाठवणार नाहीत, पण ऑफिसात बसवून उरलेली दोन वर्षे पुरी करू देतील असे दिसते. म्हणजे निवृत्तीचा दिवस ठरल्या तारखेलाच येईल आणि तुझा करार शाबूत राहील. त्या दिवशी सोलापुरास येतो. दुसरा चिरूट तू ओढ, मी पाटी घेऊन समोर बसेन आणि चुकलास की लिहून दाखवीन. तोवर खापर काढायचे नाही. वहिनींना सांग, पाण्याचे भांडण कबूल.

एक राहिले. तुझे पत्र मी आधी स्वतः वाचले, मग मथुराकडून मोठ्याने वाचून घेतले. मी डोळे मिटून पडलो होतो. नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर, इथवर ती आली आणि माझा उजवा हात उठून हवेत पुढे गेला. ती थांबली. “काय पायजे, पानी देऊ का?” म्हणाली. मी पाटीवर लिहिले, काही नको.

तुझ्या माठावरचे फुलपात्र चाचपत होतो.

तुझा,
मानसिंग